तारप्याकडे तोंड

तुकाला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तेव्हाच गोदीनं पदर खोचला. पण स्टुडिओत कुणी बोलायचं नाही असं हेमराजनं जीपमध्ये बजावलं होतं आणि ती हो म्हणाली होती. म्हणून ती बोलली नाही, फक्त खोकली. गोदीच्या खोकण्याचा अर्थ तिच्या दोन्ही भावांना लहानपणापासून कळत आला होता. दोघांनी माना खाली घातल्या.

स्टुडिओ म्हणजे जव्हारच्या एसटी डेपोमागे रंगाच्या दुकानावरची खोली. आवाज घुमू नये म्हणून सगळ्या गाद्या भिंतींना ठोकल्या होत्या. माणसं फरशीवर बसली होती. कोपऱ्यात लॅपटॉपसमोर तुषार नावाचा रेकॉर्डिंगवाला होता. हेमराज आणि तो ठाण्यात लग्नांचे साउंड एकत्र लावायचे, त्यामुळे हेमराज त्याला 'आपला माणूस' म्हणायचा आणि घरच्यांना 'पब्लिक'.

अल्बम करिष्माचा होता. करिष्मा तुकाची मुलगी. चार गाणी, चारही तिनं स्वतः बांधलेली. तिचा चुलतभाऊ हेमराज निर्माता होता. त्याचा बाप माघ्या ढोलकीवर, तुका भोपळ्याच्या लांब तारप्यावर, आणि गोदीआत्या कशावरच नव्हती, तरी जीपमध्ये सगळ्यात आधी तीच बसली होती. घरच्या कौलांवरून पावसाळ्यात जे झालं त्यानंतर तुका आणि माघ्या एका गाडीत बसायची ही पहिलीच वेळ. मध्ये ढोलकी ठेवली होती.

सकाळी माघ्याची ढोलकी झाली. कानात टकटक वाजणाऱ्या ठेक्यावर त्यानं अशी काही वाजवली, की तुषारनं अंगठा दाखवला. तेव्हापासून माघ्या जरा ताठ बसला होता.

आता तुकाच्या कानावर हेडफोन चढले. आत टकटक चालू होती आणि तिच्यावर माघ्याची ढोलकी. तुकानं मान वळवून पाहिलं. माघ्या दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसला होता, आणि त्याची ढोलकी वाजत होती. तुकाला ते काही बरं वाटलं नाही. पण पोरीचं काम होतं. त्यानं भोपळ्याच्या देठाशी ओठ लावले, गाल फुगवले, नाकानं श्वास आत ओढला आणि तारपा सुरू केला.

सूर निघाला आणि गाद्या ठोकलेली ती खोली एकदम लहान झाली. तुषारसुद्धा पुढे सरकून बसला. तारपेवाला श्वासासाठी थांबत नाही. नाकातून घेत राहतो आणि तोंडातून देत राहतो. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्या कडव्याला चाळा बदलायचा होता. चाळा म्हणजे सूर बदलतो आणि त्याबरोबर नाचाचं पाऊलही बदलतं. तुका वाट पाहत राहिला. कानात टकटक होती, ढोलकी होती. दुसरं कडवं गेलं, तिसरंही गेलं. गाणं संपलं, ढोलकी थांबली, टकटकसुद्धा थांबली. तुका पहिल्याच चाळ्यावर वाजवत होता.

"काका, कट," तुषार म्हणाला. "कट, कट."

कुणी हललं नाही. वाजवत असलेल्या तारपेवाल्याला या घरात आजवर कुणी हात लावला नव्हता. तुषार उठला आणि त्यानं तुकाच्या कानावरचे हेडफोन उचलले.

गोदी पुन्हा खोकली.

"काका, दुसऱ्या कडव्याला चाल बदलायची ठरली होती ना?"

"हा."

"मग बदलली का नाही?"

"कुणी सांगितलंच नाय."

"गाणं होतं ना कानात!"

"गाणं होतं," तुका म्हणाला. "पाय कुठं होते?"

तुषारनं हेमराजकडे पाहिलं. हेमराजनं छताकडे पाहिलं. त्याला अर्थ माहीत होता. नाचणारी माणसं कंबरेला हात घालून तारपेवाल्याभोवती फिरतात, पावलांचा जोर चढत जातो, आणि एका क्षणी त्या पायांना आता दुसरं काही हवं आहे हे मधल्या माणसाला कळतं. मग तो चाळा बदलतो. हे तुषारला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग पायांचा ट्रॅक दे.

"पायच पायजेत ना?" गोदी उठली. तिनं शब्द बराच वेळ पाळला होता. "आन ह्याला आधी भिंतीकडून वळव. शिक्षा केल्यासारखं बसवलंय. ऊठ गं करिष्मा. माघ्या, ऊठ. खालच्या डायव्हरला हाक मार."

"आत्या, इथं नको—"

"रेकॉर्डिंग करायचंय ना तुला? मग कर."

चौघांची साखळी झाली. तुका मध्ये, त्याच्याकडे सगळ्यांची तोंडं. पहिल्या फेरीला तुषार हसत होता. दुसऱ्या फेरीला टेबल हलायला लागलं. मग तुकानं चाळा बदलला, बरोब्बर जिथं बदलायला हवा होता तिथं, आणि चौघांनी एकदम पाय आपटला.

खाली काहीतरी पडलं. त्याच्यावर आणखी काहीतरी पडलं, आणि ते पडणं बराच वेळ चाललं.

दुकानदार वर आला. त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आकाशी झाला होता. तो रागावला नाही. "खाली येऊन एकदा बघून जा," एवढंच म्हणाला.

कुणी बघायला गेलं नाही. सामान बांधून सगळे मागच्या जिन्यानं उतरले.

*

डेपोसमोरच्या टपरीवर दोन बाक होते. एकावर हेमराज, तुषार आणि माघ्या बसले. दुसऱ्यावर तुका, करिष्मा आणि गोदी. कुणी ठरवलं नव्हतं, पण बसताना आपोआप तसं झालं.

"तारपा कीबोर्डवर घेऊ," हेमराज म्हणाला. "सेम वाजतो. कुणाला कळत पण नाय."

"कुणाला कळत नाय?" गोदीनं विचारलं.

"लोकांना."

"मग आम्ही कोण?"

"तुम्ही घरचे, आत्या."

करिष्मा चहाच्या ग्लासात बघत होती. गेल्या वर्षी तिचं पहिलं गाणं हेमराजनंच काढलं होतं. त्यात तारपा कीबोर्डचा होता. हळदीला, वरातीला, मोखाड्यापासून विक्रमगडपर्यंत ते वाजलं. डीजेपुढे पोरं घामाघूम होईपर्यंत नाचली. आपल्या पाड्यावर मात्र नव्या भाताच्या नाचात तिनं ते गायला सुरुवात केली, तेव्हा साखळी फिरता फिरता सैल झाली. कुणी नावं ठेवली नाहीत. एक म्हातारी पाणी प्यायला गेली, दोघी पोराला बघायला गेल्या. गोदीआत्या शेवटपर्यंत होती, पण तिचं पाऊल दुसऱ्याच कुठल्या गाण्यावर पडत होतं. करिष्मानं कडवं पुरं केलं आणि पुन्हा ते गाणं गावात गायलं नाही. ही चार गाणी तिनं बापाच्या तारप्यावर, चुलीपुढे बसून बांधली होती. ती तरी पायांना ओळखीची वाटावीत, एवढंच तिला हवं होतं. लोक किती ऐकतील हा हेमराजचा प्रश्न होता.

"मला बाबांचाच तारपा पायजे," ती म्हणाली.

"अगं, मलापण पायजे! पण बघितलंस ना? टेन्शन काय आहे कळतंय ना तुला? उद्या वाघबारस. वाघबारस झाली की काका तारपा आढ्याला टांगणार, तो पुढच्या नव्या भातापर्यंत खाली उतरत नाय. मग काय, वर्षभर थांबू?"

"तारपा टांगायचा तो टांगायचाच," तुका म्हणाला. एवढ्या गोष्टीत त्याला कुणाचीच बाजू घ्यायची नव्हती.

"बघ."

"हेमू बोलतोय ते काय खोटं नाय," माघ्या म्हणाला. सकाळचा अंगठा अजून त्याच्या डोळ्यांपुढे होता. "दादा, आता जमाना तसा आहे. आपण जमवून घ्यायचं. मी घेतलं की नाय? पयल्या फटक्यात."

"तुला सवयच आहे," तुका म्हणाला, "दुसऱ्याच्या ठेक्यावर वाजवायची."

"आन तुला सवय आहे कुणाचंच न ऐकायची! कौलांच्या वेळी पण—"

"कौलं काढू नको हं," गोदी म्हणाली. "कौलं गळायला लागली की काढू."

माघ्या मुलाच्या बाकावरच राहिला. खरं तर त्याला आतून जरा मोकळं वाटत होतं. नाचात सगळे तारप्याचं नाव घेतात. ढोलकी असली काय, नसली काय, वाजवणारा कोण होता हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. आयुष्यभर भावाच्या बाजूला उभं राहून वाजवलं. एकदा तरी असं व्हावं, की ढोलकी आहे आणि तारपा नाही. हा विचार काही चांगला नव्हता, हे त्यालाही समजत होतं. चहाबरोबर तो विचार त्यानं गिळला, पण पुरता गेला नाही.

"बाबांना काढलंस तर मी गाणार नाय," करिष्मा म्हणाली.

"मी कुणाला काढतोय का?" हेमराजचा आवाज चढला. "पोस्टरवर काकांचा फोटो टाकतो, मोठा! तारपा हातात घेऊन. माणसांसाठीच तर एवढं करतोय मी. नाहीतर कीबोर्डमध्ये सगळं आहे. तारपा आहे, ढोलकी आहे, ढोलकीचे तर बावीस प्रकार आहेत. ती बाबांची ठेवली, ती काय गरज होती म्हणून ठेवली का? घरचा माणूस, म्हणून ठेवली!"

टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

माघ्यानं ग्लास खाली ठेवला. तुषारनं सकाळी दाखवलेला अंगठा त्यानं एकदा नीट आठवून पाहिला. मग तो उठला, दोन बाकांमधली जागा ओलांडली आणि तुकाच्या शेजारी बसला. तुका सरकला. बाक करकरला.

"बाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं—"

"खळं कधी सारवलंस गं?" माघ्यानं गोदीला विचारलं.

"काल. भात यायचंय ना."

"वाळलं असंल. तिथंच करू." मग मुलाकडे न बघता तो म्हणाला, "तुझं मशीन तिकडं लागत असंल तर आण. नसंल लागत तर बावीस आहेत तुझ्याकडं."

तुषार कळवळून म्हणाला, "अहो काका, उघड्यावर रेकॉर्डिंग होत नसतं. वारा असतो, गाड्या असतात, कुत्रं भुंकतं—"

"कुत्रा आमचाच आहे," गोदी म्हणाली. "नागलीच्या भाकऱ्या करते तुला. चल."

*

पाडा खोडाळ्याच्या वरच्या अंगाला होता. जीप पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. खाली खाचरांमध्ये अर्धं भात कापून झालं होतं. कापणीवरून परतणाऱ्या बायकांनी खळ्यावर वायर पाहिली आणि विळे कुडाला खोचून त्या तिथेच थांबल्या. गोदीनं घोळकाठी बाहेर काढली. जमिनीवर आपटून पुढच्यानं साखळीला वळण द्यायची ती काठी. तिचा खुळखुळाट ऐकून शेजारच्या दोन घरांतली माणसंही आली. बोलवायला कुणालाच जावं लागलं नाही.

हेमराज जीपमध्ये बसून होता. आपण इथं का आलो याचा तो विचार करत होता. सामान आपलं आहे म्हणून, असं उत्तर त्यानं स्वतःला दिलं होतं आणि ते चांगलं होतं. काच खाली करून तो बघत राहिला.

तुषारनं करिष्मासाठी माइक वर्तुळाच्या बाहेर उभा केला, तारप्याकडे पाठ येईल असा, म्हणजे गाण्यात तारपा घुसणार नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नाचात तारप्याकडे पाठ करत नाहीत. कुणी तसं म्हणालं नाही, पण साखळीही कुणी धरेना.

"बरं," तुषार म्हणाला. त्याला भूक लागली होती. "मग माइक हातात घेऊन नाच."

करिष्मानं माइक हातात घेतला. माघ्या तुकाच्या बाजूला ढोलकी घेऊन उभा राहिला. तुका वाजवू लागला, साखळी फिरू लागली, करिष्मा गाऊ लागली आणि तिच्यामागून वायरही फिरू लागली. मध्यभागी दोन माणसं उभी होती आणि वायर त्यांच्याभोवती चालली होती. पहिल्या फेरीत ती घोट्याशी होती, मग पोटऱ्यांना आली. तुकानं खाली पाहिलं, पण वाजवणं सोडलं नाही. माघ्यानं एक पाय उचलून वायर ओलांडायचा प्रयत्न केला आणि ढोलकीसकट भावाला टेकला. सकाळपासून दोघे इतके जवळ आले नव्हते. पाचव्या-सहाव्या फेरीला दोघे गुडघ्यापर्यंत एकत्र बांधले गेले होते आणि तरीही वाजवत होते.

"अरे वायर! वायर तुटेल!" हेमराज जीपमधून धावत सुटला.

बापाला आणि काकाला सोडवता सोडवता त्याला गुडघे टेकावे लागले. वरून माघ्या म्हणाला, "सावकाश रं. ढोलकी पण आहे इथं. घरची." हेमराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण वायर त्यानं नीट सोडवली. उठताना तो म्हणाला, "माइक मधी लाव. काकांच्या समोर. एकच."

"आणि सिंगर?" तुषारनं विचारलं.

"फिरेल."

तसं झालं. तुकानं तोंडाशी तारपा नेला. पाय त्याला दिसत होते आणि खळ्याच्या जमिनीतून तळव्यांना लागतही होते. दुसऱ्या कडव्याला ते पाय जड झाले आणि त्यानं चाळा बदलला. कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती. गोदीची काठी पडली, सगळी साखळी एका अंगानं वळली. गेल्या वर्षी पाणी प्यायला गेलेली म्हातारी करिष्माच्या डाव्या हाताला होती. तिनं करिष्माची कंबर घट्ट धरली होती आणि सोडली नाही.

*

गाणं संपल्यावर हेमराजनं आणि तुषारनं एकेक हेडफोन कानाला लावून ऐकलं. हेमराजचा चेहरा आधी उजळला, मग मावळला.

"तारपा जबरदस्त आलाय," तो म्हणाला. "ढोलकी पण. बाबा, खरंच. पण करिष्मा, तुझा आवाज जातो."

"कुठं जातो?"

"माइक काकांच्या पुढं आहे ना. तू समोर आलीस की कडक. काकांच्या मागं गेलीस की गायब. परत येतेस, परत जातेस. असं गाणं कोण ऐकणार?" दिवसभरात पहिल्यांदाच त्याला सगळ्यांना आवडेल असं काहीतरी सुचलं होतं. "एक काम करू. तारपा, ढोलकी, पाय, सगळं हेच ठेवू. कीबोर्ड नको. तुझा आवाज तेवढा उद्या ठाण्याला जाऊन घेऊ. कानात हे वाजवायचं, तू एकटी गायचीस. एकदम क्लिअर."

तुकाला ते पटलं. त्याचा तारपा राहत होता. "जा पोरी," तो म्हणाला. "तुझं नाव आहे त्याच्यावर. तूच ऐकू नाय आलीस तर काय उपयोग?"

माघ्यालाही पटलं. तुषारला तर आधीच पटलं होतं. तो शेजारच्या चुलीवरल्या भाकरीच्या वासाकडे वळला होता. दोन बाकांवर विभागलेलं घर शेवटी एका मताचं झालं आणि करिष्मा एकटी उरली.

"मला ऐकू दे," ती म्हणाली.

तिनं हेडफोन लावले. आपला आवाज जवळ आला, मग बापाच्या पाठीमागे गेला आणि बुडाला. तिथं नुसता तारपा होता. त्याच्या खाली पायांचा आवाज होता आणि कुणीतरी बाई तिचेच शब्द अर्धे-मुर्धे म्हणत होती. गेल्या वर्षी तिच्या गाण्यात कुणीही शब्द म्हटले नव्हते. मग तिचा आवाज पुन्हा वर आला.

तिनं हेडफोन काढून गोदीच्या कानावर ठेवले. गोदी डोळे मिटून ऐकत राहिली.

"आता गेली," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "आली." मग हेडफोन काढून हेमराजकडे दिले. "बरोबर आहे. मधी उभं राहिलं की असंच ऐकू येतं."

"आत्या, पण लोक कुठं मधी उभे राहणार आहेत? मोबाइलवर ऐकणार ते."

"मोबाइलवर ऐकू देत," करिष्मा म्हणाली. "मधी उभं आपण करू त्यांना."

"करिष्मा, समजून घे. पहिला अल्बम आहे. सिंगर तू आहेस आणि अर्ध्या गाण्यात तू नाहीस. लोक म्हणतील आवाजात दम नाय. नाव तुझं खराब होईल, काकांचं नाय."

ते खरं होतं, आणि त्यानं ते वाईट बुद्धीनं म्हटलं नव्हतं. हे करिष्मालाही कळत होतं. बाप तिच्याकडे बघत होता. तिनं हो म्हणावं असंच त्याला वाटत होतं, हेही तिला दिसलं.

"मी ठाण्याला येणार नाय, दादा. एकटीनं गायलेलं गाणं मागच्या वर्षी झालं."

"अगं, मग निदान थोडं अ‍ॅडजस्ट करू." हेमराजनं माइकचा स्टँड धरला. "हा जरा तुझ्या बाजूला फिरवतो. नाहीतर माझ्या हातात देतो, तुझ्याबरोबर धावतो मी. काय म्हणशील ते. तीन गाणी बाकी आहेत, ऊन चाललंय, सांग पटकन. माइक कुठं लावू?"

साखळी आधीच जुळायला लागली होती. म्हातारीनं हात पुढे केला होता. करिष्मा जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं तारप्याकडे तोंड केलं.

"आहे तिथंच राहू दे," ती म्हणाली. "मी येते ना फिरून."